विहीणबाईंचा घोडा

मंगळवार, ६ जानेवारी

उशीर झाला. नऊ दिवस वही उघडली नाही, माफी असावी. घरात पाहुणी आहे आणि वही ठेवतो त्या कपाटासमोरच तिची गादी पडते.

पाहुणी म्हणजे गंगुबाई, आमच्या यज्ञेशच्या सासूबाई. खडवलीहून गुडघ्याच्या व्यायामासाठी आल्या आहेत. डॉक्टर डोंबिवलीत, म्हणून मुक्काम ठाकुर्लीला आमच्याकडे. महिनाभर. लग्नात म्हणाल्या होत्या, "नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पिणार नाही." नातवंड झालं, तिसरीत गेलं. आता सकाळचा पहिला चहा त्यांना, दुसरा मला.

त्यात सूनबाईने कहर केला. ज्येष्ठ नागरिक संघाच्या बुद्धिबळ स्पर्धेत आईचं नाव घालून आली. माझ्या स्पर्धेत. तीन वर्षं लागोपाठ कप माझ्याकडे आहे. सहावी शिकलेला फिटर मी, बँकेतल्या साहेबांना हरवतो, ही एकच गोष्ट आहे माझ्याजवळ. रिक्षा स्टँडवर लोक त्यासाठी नमस्कार करतात.

"बाबा, आई लहानपणी आजोबांबरोबर खेळायची," प्रियांका म्हणते.

खेळली असेल. आम्ही लहानपणी विटीदांडूपण खेळलो. बत्तीस खेळाडू, हरला की घरी. बाई पहिल्याच फेरीत घरी. भाजी तरी निवडून होईल.

शनिवार, १० जानेवारी

दोन फेऱ्या झाल्या. मी दोन्ही जिंकलो, ते होणारच होतं. पण बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून मधेच घरी जाऊन मोजून आलो. घेतली होती.

विहीणबाईंनी हसं करून घेतलं. त्यांना देशी डाव येतो, खेड्यातला. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालवतात. घड्याळाचं बटण दाबायचं विसरतात. राजाला घोड्यासारखी एक उडी मागितली. पंच म्हणाले, "आजी, तसं आता चालत नाही." ह्या म्हणतात, "बरं, राजा म्हातारा झाला म्हणायचा." हॉल हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांना माहीत आहे कोणाच्या विहीणबाई ते.

दोन्ही डाव जिंकल्या मात्र. समोरचे दोघे गाफील होते. एक तर चक्क पेंगत होता.

रविवार, ११ जानेवारी

तिसरी फेरीही जिंकल्या. समोर पेन्शनर मास्तर. त्यांना मोतीबिंदू आहे.

सोमवार, १२ जानेवारी

दूधवाला मला विचारतो, "आजींचा डाव पुढचा कधी?" माझा विचारला नाही.

शनिवार, १७ जानेवारी

उपांत्य फेरी. माझा डाव तासात संपला, मी अंतिम फेरीत. कोणी टाळी वाजवली नाही, कारण सगळे दुसऱ्या टेबलाभोवती.

तिथे विहीणबाईंसमोर अपूर्व. यंदा स्पर्धा सगळ्या वयांना खुली केली, त्याचं फळ. नौपाड्यातल्या क्लासचा पोरगा, रेटिंगवाला, कानात ते बटणासारखं यंत्र. पंचांनी काढायला लावलं. खरं सांगायचं तर मी आठवडाभर त्यालाच घाबरत होतो. वाटलं, बाईंना तो खाईल आणि मग मला.

बाई हरत होत्या. पुढच्या चालीत मात, मला लांबून दिसत होती. त्यांचं एक प्यादं शेवटच्या घराला लागलेलं. कोणीही शहाणा माणूस तिथे वजीर मागतो. बाईंनी घोडा मागितला.

पंचांनी विचारलं, "आजी, नक्की? वजीर मिळतो."

"घोड्याच्या घरात पोचलं तर घोडाच होणार ना. आमच्यात तसंच असतं."

लोक हसले. मीही हसलो. मग अपूर्व हसायचा थांबला. घोडा बसला तोच शह देत, आणि त्याच जागेवरून त्याच्या वजिरावर. राजा हलवला, वजीर गेला. पुढच्या वीस चालींत खेळ खलास.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. संघाचे सेक्रेटरी मला मिठी मारून म्हणतात, "सहदेवराव, दोन्ही फायनलिस्ट तुमच्याच घरचे!"

नशीब. निव्वळ नशीब. आंधळ्याच्या गायी देव राखतो, तसं. बाईंना खेड्यातला नियम तेवढा ठाऊक, आणि तो नेमका कामाला आला.

रविवार, १८ जानेवारी

सकाळपासून पट मांडून बसलो होतो. कालची जागा जशीच्या तशी लावली. वजीर घेतला असता तर हरल्या असत्या. घोडाच हवा होता. दुसरं काहीच चाललं नसतं.

विहीणबाई मेथी निवडत होत्या. न राहवून विचारलं, "ते चुकून झालं ना?"

"काय, व्याहीबुवा?"

"घोडा."

देठ खुडत म्हणाल्या, "वजिराने मात होत होती माझी. दिसत होतं की."

"मग सगळ्यांसमोर ते घोड्याचं घर वगैरे?"

"पोरगं रडकुंडीला आलेलं. म्हातारीच्या नशिबाने हरलो म्हटलं की घरी जाऊन जेवेल तरी."

मी पट आवरला. एक उंट सापडेना. तो माझ्याच मुठीत होता.

बुधवार, २१ जानेवारी

झोप नाही, भूक नाही. फायनल पंचवीस तारखेला.

लोकांना तमाशा हवा आहे. इस्त्रीवाला म्हणतो, "काका, विहीणबाईंकडून हरलात तर मानपान कोणी कोणाचा करायचा?" दात काढतो. मुलाकडचे आम्ही. लग्नात ह्याच बाईंनी वाकून माझ्या हातात नारळ दिला होता.

शुक्रवार, २३ जानेवारी

आज जरा जास्त बोललो. आमटीत मीठ कमी होतं. प्रियांकाला म्हटलं, "माहेरचं माणूस घरात असलं की सासऱ्याच्या ताटाकडे कोण बघतो?" अजूनही बरंच. यज्ञेश म्हणाला, "बाबा, पुरे." प्रियांकाने मीठ आणून ठेवलं.

विहीणबाई समोरच जेवत होत्या. ताट स्वच्छ केलं आणि उठल्या.

आमटीत मीठ ठीकच होतं.

शनिवार, २४ जानेवारी

विहीणबाई सकाळीच खडवलीला गेल्या. म्हणे गुडघा बरा वाटतो. अजून आठ दिवसांचा व्यायाम बाकी आहे, जिन्यावर कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. मी गॅलरीतून पाहिलं.

दुपारी सेक्रेटरींचा फोन. "आजींनी माघार घेतली. कप तुमचाच. चौथ्यांदा! अभिनंदन."

मी थँक्यू म्हटलं. जीव भांड्यात पडला, खोटं कशाला लिहू.

रविवार, २५ जानेवारी

कप घ्यायला निघालो, इस्त्रीचा शर्ट घातला. प्रियांका कपडे वाळत घालत होती. सहज विचारलं, "घाबरल्या का तुझ्या आई?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "आई म्हणाली, मी जिंकले तर मी माझ्या घरी जाईन. तुला मात्र रोज त्यांच्याबरोबर जेवायचं आहे."

चपला घातलेल्या, तसाच जिन्यात उभा राहिलो. शेजारीण विचारत होती, बरं नाही का.

ही मुलगी अकरा वर्षं माझं ताट वाढते आहे. ती मला घाबरते, हे तिच्या आईला चार दिवसांत कळलं. मला आज.

हॉलवर गेलो. सांगितलं, कप घेणार नाही, डाव होऊ दे. सेक्रेटरी म्हणतात, नियमात बसत नाही. मी म्हटलं, मग नियम धुऊन प्या. आता एक तारखेपर्यंत मुदत दिली आहे.

मंगळवार, २७ जानेवारी

प्रियांकाला सांगून तिच्या मोबाइलवरून निरोप पाठवला. तिने टाइप केला, मी सांगितला. तिसऱ्या ओळीला तिचा हात थांबला होता. इथे उतरवून ठेवतो.

"विहीणबाईंना सहदेवचा नमस्कार. रविवारी डाव ठेवला आहे.
डावात मला सोडू नका. मला येतं तेवढं मी खेळेन.
हरलो तर प्रियांकाला शब्द बोलणार नाही. जिंकलो तरी नाही.
गुडघा कसा आहे, आणि येताय का, तेवढं लवकर कळवा."