बसायला येणाऱ्यांसाठी ठेवलेली खोली

लोणार, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा येथे राहणारी मी, हन्नाबाई शलोमन किहीमकर, वय सत्तरीच्या घरात, धर्माने यहुदी, समाजाने बेने इस्राएल, पूर्वी सरकारी दवाखान्यात परिचारिका व हल्ली घरीच, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय थकले आहे असे डॉक्टर म्हणतात, ते खरे असेल. हा कागद मी कोणाच्या धाकाने किंवा गोडीगुलाबीने करीत नाही. यापूर्वी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

१. माझे राहते दगडी घर, ज्याच्या पूर्वेस झुंबरबाईचे मेथीचे वाफे आणि पश्चिमेस झऱ्याच्या धारेकडे उतरणारी वाट आहे, ते परसातल्या लिंबासह दीना आब्राहाम नागावकर हिला मिळावे. दीना माझ्या रक्ताची नाही. म्हातारीला चळ लागला होता असे उद्या कोणी म्हणू नये, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

२. माझे यजमान रस्त्याच्या खात्यात ओव्हरसियर होते. मेहकरच्या रस्त्याचे काम चालू असताना भर उन्हाळ्यात त्यांना ऊन लागले आणि कामावरच ते गेले. लोणारात आमच्या समाजाचे दुसरे घर नव्हते. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते कुठून आणणार? रस्त्यावरच्या टोळीतल्या उकंडरावांनी आणि इतर गड्यांनी आमच्या जमिनीच्या कोपऱ्यात खड्डा खणला, आणि मुलगा रुबेन याने जमेल तेवढी प्रार्थना म्हटली. यजमानांची पाणसळ, ओळंबा आणि मोजपट्टी उकंडरावांना द्यावी.

त्यानंतरचे दिवस मला धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात. मी सरोवराच्या काठाशी जाऊन बसे. हिरवे पाणी, खाऱ्या चिखलाचा वास, झाडीत मोर. पाण्यात एक गलबत उभे आहे असे वाटे. आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. तेच गलबत वाट चुकून या खोल वाटीत उतरले आहे आणि यजमान त्याच्या कठड्याशी उभे आहेत, असे मला दिवसाढवळ्या दिसत असे. मी त्यांना हाक मारीत नसे. हाक मारली तर गलबत बुडेल, अशी भीती वाटे.

तेव्हा मलकापूरहून साराबाई पेणकर आल्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते. आमची ओळख एका लग्नापुरती. त्या आल्या, चूल पेटवली, मुगाची खिचडी टाकली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. देवाची मर्जी म्हणाल्या नाहीत, धीर धर म्हणाल्या नाहीत. मी सरोवराकडे निघाले की मागोमाग येत. एकदा मी त्यांना गलबताबद्दल सांगितले. त्यांनी पाण्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “शिडं कोणत्या रंगाची आहेत, हन्ना?”

मी सांगू लागले आणि सांगता सांगता रडले. तोवर मी रडले नव्हते.

साराबाई आता हयात नाहीत. माझी मोरपंखी लुगडी त्यांच्या सुनेला द्यावीत.

३. पुढे आम्ही दोघींनी ठरवले की मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर, जिथे आपले एखादे घर आहे तिथे दुःख झाले तर आपल्यातली एक जण जाईल आणि बसेल. आणखी बायका मिळाल्या. मंडळ म्हणण्यासारखे काही नव्हते. कोणी शोकातल्या माणसाजवळ बसे, कोणी बाळंतिणीचे घर सांभाळी, कोणी आजाऱ्याला इस्पितळात नेई. ज्याला घरात राहवत नसे तो माझ्या पुढच्या खोलीत येऊन राही. मग समाजातली कुटुंबे एकामागून एक इस्राएलला जाऊ लागली आणि बसणाऱ्या बायकाही गेल्या.

४. खामगावचे आब्राहाम नागावकर सहकुटुंब निघाले तेव्हा त्यांची मोठी मुलगी दीना डॉक्टरी तपासणीत अडली. तिचा स्वभाव मुळातच मिटलेला, त्यात ती पूर्वी आजारी पडलेली. मागून बोलावून घेऊ म्हणून घरच्यांनी तिला चुलत्याकडे ठेवले आणि ते गेले. दीनाने बोलणे सोडले, मग जेवण. समाजाच्या पंचांतले प्रमुख येहेज्केल आष्टमकर म्हणाले, हिला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवणे हाच उपाय. मी खामगावला गेले.

“हन्नाबाई, तुम्ही सुईणपण केलेल्या बाई. हे तुमचं काम नाही,” आष्टमकर म्हणाले.

“तिला आजार काय आहे?” मी विचारले.

“ती भिंतीकडे तोंड करून बसते.”

“तिची सगळी माणसं बोटीतून निघून गेली. ती कोणाकडे तोंड करून बसेल?”

ते उत्तर त्यांना झोंबले आणि पुढे कित्येक दिवस त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले. मीही टाकले. दीनाला मी एसटीने लोणारला आणले. ती पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली, मी तिच्या पाठीशी तांदूळ निवडत बसले. पावसाळा असाच गेला. कधी वाटे, त्या खोलीत आम्ही दोघी पाण्याखालीच आहोत.

झुंबरबाई रोज कुंपणापलीकडून ओरडे, “काऊन व पोरी, माह्या वाफ्यातलं गवत काढाले येतं का? कंबर मोडली माही!” एक दिवस दीना उठली आणि गेली. पुढे ती तिच्यासोबत धारेवर जाऊ लागली. एकदा मीही बरोबर होते; वरून सरोवराकडे पाहत दीनाने विचारले, “हे पाणी कुठे जातं?”

झुंबरबाई म्हणाली, “कुठीच नाई जात. अठीच राह्यते.”

“मग चांगलं आहे,” दीना म्हणाली. तिच्या तोंडून शब्द ऐकले ते मी त्या दिवशी पहिल्यांदा.

५. वडिलांनी तिकडून खटपट केली आणि दीनाला बोलावणे आले. तिची ट्रंक मी स्वतः भरली. ती पुन्हा डॉक्टरी तपासणीसाठी मुंबईला गेली. पुढची खोली झाडायला माझा हात उचलेना. थोड्याच दिवसांत दुपारच्या गाडीतून ती ट्रंक घेऊन उतरली.

“नापास केलं का ग?” मी विचारले.

“पास केलं.”

“मग?”

“बाई, आता मला कोणी मागे ठेवलेलं नाही. मी राहिले आहे.” आणि पदर खोचून ती चुलीपाशी गेली.

तेव्हापासून बसायला जाण्याचे काम तीच करते. माझ्यापेक्षा चांगले करते, कारण तिला घाई नसते.

६. येहेज्केल आष्टमकरांच्या पत्नी गेल्या तेव्हा खामगावात आपले एकही घर उरले नव्हते आणि त्यांचे मुलगे समुद्रापार होते. ते लोणारला आले. दार दीनाने उघडले.

“तुला मी नागपूरला पाठवणार होतो,” ते उंबऱ्यातच म्हणाले.

“ठाऊक आहे. आत या, काका. बाहेर उभं राहून रडू नये.”

शोकाचे सातही दिवस ती त्यांच्याजवळ बसली. आष्टमकरांवरचा माझा जुना राग मी कोणाच्या तरी नावे करणार होते, पण तो शिल्लकच राहिला नाही. हा कागद अमलात आणण्याचे काम मी त्यांच्यावर सोपवते. दीनाचे घर तिच्या हाती पोचवणे हे त्यांनीच करायचे आहे, आणि त्यांनी ते आनंदाने कबूल केले आहे.

७. मुलगा रुबेन, राहणार बीरशेबा, इस्राएल, यास वडिलांचे प्रार्थनेचे पुस्तक, शब्बाथचा, म्हणजे आमच्या विसाव्याच्या वाराचा, पितळी दिवा आणि बँकेत जे असेल ते मिळावे. गेल्या हिवाळ्यात तो आला होता. घर विकून मी त्याच्याकडे यावे असा त्याचा आग्रह होता.

“आई, आपली माणसं गेली. आता इथे बसायला येणार कोण?”

“जो मागे राहील तो.”

तो रागावला. निघताना मात्र म्हणाला, “घर तिचंच आहे, मला कळलं. पण वाईट वाटलं.”

“वाईट वाटलं हे बरं झालं. आता मला तुझी काळजी उरली नाही.”

८. दीनावर एकच अट. पुढची खोली भाड्याने देऊ नये. प्रथम आपल्या समाजाच्या माणसाला, आणि आपले कोणी उरले नाही तर कोणत्याही जातीच्या दुःखी माणसाला तिथे राहू द्यावे. आलेल्याला पहिल्या दिवशी उपदेश करू नये.

९. मला यजमानांशेजारी ठेवावे. दहा पुरुष जमले नाहीत तर थांबू नये.

हा कागद मी आज दीनाला वाचून दाखवला. साक्षीसाठी झुंबरबाई आणि शाळेतले निवृत्ती मास्तर आले होते. नववे कलम ऐकून दीनाने माझ्या हातातला कागद खाली केला. मग म्हणाली, “सगळ्यांजवळ मी बसते. तुम्ही गेल्यावर माझ्याजवळ कोण बसेल?”

झुंबरबाईने अंगठ्याला शाई लावून घेतली होती. तो अंगठा तसाच वर धरून ती म्हणाली, “मी हाव ना व. तुमची पराथना मले येत नाई. पन बसता येते.”

हे इथे लिहून ठेवते आणि सही करते.

हन्नाबाई शलोमन किहीमकर

आमच्या समक्ष सही केली:
झुंबरबाई, धंदा भाजीपाला, राहणार लोणार (डाव्या हाताचा अंगठा)
निवृत्ती मास्तर, प्राथमिक शाळा, लोणार (सही)

ठिकाण लोणार. शुक्रवार, तारीख १९ फेब्रुवारी १९६५, शब्बाथ लागण्यापूर्वी.