कॅसेटवर नसलेलं कडवं

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आपल्या गायन पार्टीची ती पहिली कॅसेट अजून लोकांच्या तोंडी आहे. परवा चामोर्शीच्या बाजारात बांगड्यावालीनं ओळखलं. "बाई, ते गाणे तुमीच बनवले ना?" मी मान हलवली. ह्या मानेचा मला आता वीट आला आहे.

तुम्ही लाकडाच्या डेपोत ओंडक्यांवर नंबर घालायचात आणि घालता घालता गाणी जुळवायचात. शाळेनं मला काही दिलं नाही. तुमच्या वहीतली अक्षरं लावत लावत मी वाचायला शिकले. मला गाणं पळवायची खोड. तुम्ही पेटी थांबवून म्हणायचात, "काऊन वं पोरी, बस सुटून राह्यली का तुही? दम घे." पण त्याच पळत्या चालीवर जयंतीला विहारापुढं माणसं खुर्च्यांवर उभी राहायची. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायचं, ही आपली रीत. ते कडवं आलं की एकच ओरडा. घसा मी फोडायचा आणि टाळी पडायची तुमच्या नावाला.

नागपूरला कॅसेट भरायला गेलो, तेव्हा तुम्हाला डेपोतून सुट्टी मिळाली नाही. काचेपलीकडून स्टुडिओचा मालक म्हणाला, "एका बाजूला अर्धाच तास बसते, बाई. हरेक गाण्याचं एक कडवं कमी करा. कोणतं, ते तुमचं तुम्ही पाहा."

"मधलं काढू," ढोलकवाला म्हणाला.

"शेवटचं काढा," मी म्हणाले. आठही गाण्यांचं.

कॅसेटच्या वरच्या कागदावर माझा फोटो, माझं नाव. महिनाभरात ती एटापल्लीच्या चहाटपरीवर वाजत होती.

तुमच्या ओसरीवर तुम्ही कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकल्यात. मग विचारलंत, "माह्यं नाव कुठी गेलं, बाई?" एरवी पोरी म्हणायचात.

"मालकानं कापलं. तुमी नव्हते, माह्यं कोन आयकते?"

तुम्ही बिडी विझवलीत. "जाऊ दे. तुही मेहनत तं वाया नाई गेली." आणि आत हाक दिलीत, "पोरीले भात वाढ वं." मी जेवले. दुसऱ्यांदा मागूनही घेतलं.

त्या मालकाला मी पुढं चारचौघांत इतक्या शिव्या घातल्या, की मलाच ते खरं वाटायला लागलं. ढोलकवाला काही बोलला नाही. त्याला पुढचे कार्यक्रम हवे होते. तुमची वही वाळवीनं खाल्ली. मागच्या जयंतीला ठरवून उभी राहिले, आज शेवटचं कडवं म्हणायचंच. तुमचं नाव तेवढं आठवलं. त्याच्या आधीच्या ओळी एकाही गाण्याच्या आठवल्या नाहीत. नुसतं नाव सांगता आलं असतं. तोवर टाळ्या सुरू झाल्या आणि मी हात जोडले.

तुमची लेक त्याच घरात राहते. हे तिला वाचायला द्यावं म्हणून दोनदा दारापर्यंत गेले. देणार नाही, मास्तर. ती मला मावशी म्हणते, चहा प्यायल्याशिवाय सोडत नाही, आणि मला ते घर अजून पाहिजे आहे.