बांगड्याचं कालवण आणि कियांतीची बाटली

हवल्ली, कुवेत
१२ नोव्हेंबर १९७९

सौ. शामलेस अनेक आशीर्वाद.

आईचे गुडघे कसे आहेत? ताराचा खोकला थांबला का? तू डोळ्यांत औषध घालतेस ना? मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतो, काळजी करू नकोस.

शेजारच्या मोरेश्वरानं बोटीवरून येताना इटलीची तांबडी वाईन आणली, कियांती तिचं नाव, आणि तुझ्या बांगड्याच्या कालवणाबरोबर ती अगदी अमृत लागते म्हणाला. हे तू दोन पानं भरून लिहिलंस. माझी विचारपूस मात्र शेवटच्या ओळीत.

इथे दारूबंदी, त्यामुळे चाखून बघायची सोय नाही. पण परवा आमच्या इस्पितळात एक इटालियन इंजिनिअर पायाचा एक्स-रे काढायला आला. मी सहज विषय काढला. म्हणाला, कियांती आंबट-तुरट, जीभ कोरडी करणारी. तिच्याबरोबर मटण हवं, टोमॅटोचा रस्सा हवा, नाहीतर जुनं खारट चीज. मी विचारलं, "आणि तिखट बांगडा?" पाय ठणकत असूनही तो हसला. "नो, नो, बाबा! तोंडात गंजका खिळा धरल्यासारखं लागेल!"

मग शामले, मोरेश्वर अमृत म्हणाला ते कशाला? वाईनला तर नक्कीच नाही.

माणूस वाईट नाही. आईला दवाखान्यात तोच नेतो, हे मी विसरलेलो नाही. त्याला मटण घाल, खुशाल घाल. बांगडा मात्र मी येईपर्यंत चुलीवर चढवू नकोस. नाही ना चढवणार? तेवढं एका ओळीत का होईना, उलट टपाली कळव.

तुझाच,
जनार्दन