मर्लमामांनी दिलेली ठासणीची बंदूक

मिल फोर्क, ओहायो
१४ नोव्हेंबर

तीर्थरूप मर्लमामांना डेलचा साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरल्यामुळे सध्या मनातल्या मनात). तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कळ येते का? एडनामामींचं मलम चालू ठेवा. गुडघ्याची एवढी चौकशी का करतोय ते पुढे येईलच; येऊ नये अशी माझी फार इच्छा होती.

जानेवारीत तुम्ही हरणाच्या शिकारीला येताय हे वाचलं आणि मी जुन्या बंदुका शोधत सुटलो. कारण तुम्ही मला दिलेली ठासणीची बंदूक (ती काळ्या दस्त्याची) माझ्याकडे नाही. एप्रिलमध्ये दारात जुनं सामान विकायला मांडलं होतं, त्यात ती गेली. गेली म्हणजे मीच विकली, वाफल्सच्या यंत्राशेजारी ठेवून; कोण नेतंय तेही पाहिलं नाही. म्हणून आता ठरवलं, तश्शीच दुसरी जुनी बघून घ्यायची आणि तुमच्यासमोर साळसूदपणे उभं राहायचं.

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जुन्या बंदुकांचा बाजार भरला होता. तिथे वर्ना स्टॉफरबाईंच्या टेबलावर हवी तशी एक दिसली, दस्त्याला शिकाऱ्यांची पानापानांच्या नक्षीची पट्टी गुंडाळलेली. (त्यांचा नवरा लेस्टर उन्हाळ्यात गेला, त्याचं सामान त्या विकत होत्या.) मी तुमच्याकडून शिकलेलं सगळं ज्ञान पाजळायला घेतलं. पॅनकेकच्या ताटल्या घेऊन पाचसहा जण भोवती जमले, तसा माझा आवाजही चढला. बोटाला चिंधी गुंडाळून नळीच्या तोंडात फिरवली, ती गंजानं विटकरी होऊन आली. नळीच्या बुडाचं आट्यांचं बूच फिरवायला गेलो, तर ते जाम. "बाई, ही ज्याची होती ना, त्यानं हंगाम संपल्यावर हिच्याकडे ढुंकून पाहिलेलं नाही. बुचाला ग्रीस नाही, नळीला तेल नाही. असल्या माणसाच्या हातात केरसुणीसुद्धा देऊ नये!"

वर्नाबाई शांतपणे म्हणाल्या, "लेस्टरनं तुझ्याच दारातून आणली होती रे. ही पट्टी गुंडाळून भिंतीवर टांगली, ती आज खाली काढली. आणि एवढा शहाणा आहेस, तर नळीत गज टाकून पाहिलास का?"

मामा, हेच तर तुम्ही सगळ्यात आधी करायला शिकवलं होतंत. बाईंनी बंदुकीचाच ठासायचा गज नळीखालून काढून नळीत सोडला. त्याच्यावर तुमच्या चाकूनं कोरलेल्या दोन खुणा, वरची रिकामीची, खालची भरलेलीची. गज खालच्या खुणेवरच थांबला. "भरलेली आहे," बाई म्हणाल्या, आणि पॅनकेकवाले चार पावलं मागे सरले. (दारू पेटवणारी टोपी बसवलेली नव्हती, त्यामुळे उडाली नसती. पण भरलेली बंदूक मी शेजाऱ्याला विकली, हे तेवढ्यानं धुऊन निघत नाही.)

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. लेस्टरनं ती कधी भरलीच नाही. म्हणजे आतली दारू आणि गोळी गेल्या जानेवारीतल्या आपल्या शिकारीची, माझी. म्हणजे त्या दिवशी मी बार काढलाच नव्हता. ओढ्यापलीकडे दुसऱ्याच कुणाचा तरी बार झाला, तुम्ही धावत येऊन विचारलंत, "हरणाला लागलं का रे?" आणि माझी मान आपोआप होकारार्थी हलली. मी मचाणावर झोपलो होतो हे सांगायची लाज वाटली. मग तुम्ही रक्ताचा माग शोधत अडीच तास बर्फात फिरलात आणि ओढ्याच्या दगडांवर पडलात. तोच हा गुडघा. आणि मी दोन पावलं मागून "तिकडे बघू या का मामा?" म्हणत होतो, हे आठवलं की अजून कान तापतात. पुढे ती बंदूक खुंटीवर दिसली की घास उतरेना, म्हणून विकली.

मामींना हे पत्र वाचून दाखवलंत तरी माझी तक्रार नाही.

तुमचा (अजून म्हणू द्याल तर) भाचा,
डेल

ता. क. बंदूक मी परत विकत घेतली. शेडमध्ये कुलपात आहे. बूच काही हलत नाही. येताना तुमचा तो लांब पाना घेऊन या.

ता. क. आणखी एक. मी झोपलो नव्हतो. हरीण वीस पावलांवर उभं होतं, पाठीवर बर्फ भुरभुरलेला. मी घोडा चढवला, आणि मला ते मारवेना. त्यापेक्षा झोपलो म्हणणं बरं वाटलं. यंदाही मला बरोबर न्या, मामा. बंदूक तुमची तुम्ही घ्या. मी कॉफीचा थर्मास घेईन, आणि ओढा ओलांडताना तुमचा हात धरीन.