दिवाळीतलं मीठ

बाबा,

परवाच्या रविवारी मी मिठागरात जाऊन आले. हसू नका. तुमच्या नातीने पक्षी बघायला जाणाऱ्या कुठल्याशा मंडळींत माझंही नाव घातलं. "आई, घरात बसून नुसती कुढतेस, चल," म्हणाली. आणि मी डोक्यावर टोपी, गळ्यात उसनी दुर्बीण, पायात बूट असा अवतार करून निघाले. बूट घालून, बाबा, तुमच्या बांधावर! भांडुपपासून मुलुंडकडे जाणारी ती सगळी आगरं आता अर्धीअधिक ओसाड पडलीत. बांध खचलेत, वाफ्यांत झुडपं माजलीत आणि वारा फिरला की कांजूरच्या कचऱ्याचा वास नाकात जातो. एका कोपऱ्यात चार-पाच वाफे तेवढे चालू होते. बाकीचे सगळे फ्लेमिंगोंचे फोटो काढत होते, मी त्या वाफ्यांकडे बघायचं टाळत होते.

तुम्हाला आठवत असेल, मी तिथे शेवटची आले ती नऊ वर्षांची असताना, तुमचा डबा घेऊन. पाऊस सरला होता. तुम्ही सगळे गडी ओळीने उभे आहात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून वाफ्याचा तळ पायांनी तुडवताय. असा दिवसचे दिवस तुडवून तो घट्ट केला नाही तर मिठात चिखल येतो, हे मला काय माहीत? मी आपली चपला घालून वाफ्यातूनच धावत आले, तुम्हाला लवकर डबा मिळावा म्हणून. तुम्ही डबा हातात घेतला नाहीत. सगळ्यांदेखत म्हणालात, "आठ दिस पाय मारले, तू एका दमात वाट लावलीस. परत इथं येव नको." मग काय, मी आलेच नाही. आधी रागाने, आणि मोठी झाल्यावर लाजेने. शाळेत कुणी विचारलं तर बाबा कंपनीत आहेत म्हणून सांगायचे. तुमच्या पायांच्या भेगा मैत्रिणींना दिसू नयेत म्हणून त्यांना घरी बोलवायचे नाही. हे तुम्हाला कळत होतं की नाही, देव जाणे. कळत असणार.

मग तुमचं ते आजारपण. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तुमची खाट टाकलेली, कारण घरात तेवढ्याच जागी वारा यायचा. मी सकाळी चहाचं आधण ठेवलं की तुमचं सुरू, "पानी घेतला का गो?" भरतीला खाडीचं पाणी आगरात घेतलं का, हे मला कसं ठाऊक असणार? मी हो म्हणून टाकायचे. मग पुढचं ठरलेलं, "एकदा नेऊन आण मला. बांधावर बसतो नुसता." रिक्षाने दहा मिनिटांचा रस्ता होता. मी म्हणायचे, येत्या रविवारी नक्की. रविवार उजाडला की कधी पोरीला ताप, कधी पाहुणे, कधी माझंच अंग दुखतंय. शेवटी एका संध्याकाळी ऑफिसातून येताना वाण्याकडून जाडं मीठ घेतलं, पुडीचा कागद फेकला आणि तुमच्या जुन्या टॉवेलच्या टोकाला मूठभर बांधलं. मोसमातलं पहिलं मीठ तुम्ही तसंच बांधून आणायचात ना, आणि आम्हा सगळ्यांच्या जिभेवर एकेक खडा ठेवायचात. म्हटलं, बाबा, मी मिठागरात जाऊन आले, तुमच्या सोबत्यांनी पहिलं मीठ दिलंय. दिवाळी नुकती होऊन गेली होती, दारातला कंदीलसुद्धा अजून उतरवला नव्हता. तुम्ही एक खडा जिभेवर ठेवलात, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "बेस हाय." मग भिंतीकडे तोंड करून झोपलात. पंधरवडाही गेला नाही, तुम्ही गेलात.

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! जायच्या आधी बाबांच्या जिभेवर त्यांच्या आगराचं मीठ पडलं. आत्या तर दरवेळी डोळ्यांना पदर लावायची. मीठ वाण्याचं होतं हे मी कुणालाच सांगितलं नाही, पण तुम्ही समाधानाने गेलात असं मीही धरूनच चालले होते. एवढं एक तरी पुण्य आपल्या हातून झालं, असं वाटायचं.

परवा आम्हा मंडळींना माहिती सांगायला आलेली मुलगी एका चालू वाफ्यापाशी उकिडवी बसली. पंचविशीची असेल, चुणचुणीत. म्हणाली, आपण अगदी वेळेवर आलोत, माघ लागला की पहिलं मीठ धरतं. त्याआधी पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत दाट करत आणावं लागतं. "दिवाळीत आला असतात तर नुसता चिखल तुडवताना बघितला असतात. मिठाचा एक कण मिळाला नसता," असं ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच बांधावर बसले. तुमच्या नातीने विचारलं काय झालं, मी म्हटलं ऊन लागलं.

जन्मभर तुम्ही त्या पाण्यात उभे राहिलात, आणि तुमचं मीठ कधी होतं हे तुमच्या मुलीला एका परक्या पोरीकडून कळलं. लाज वाटली, बाबा. तुम्हाला तर मी टॉवेल सोडतानाच कळलं असणार, खडा तोंडात घालायच्याही आधी. तरी घातलात.

हा कागद कुठे पाठवायचा म्हणा. कपाटात साड्यांखाली ठेवून देईन. पण लिहितेच आहे तर एवढं कबूल करते. ते मीठ मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून आणलं नव्हतं. रोज सकाळी तेच तेच ऐकून मला वैताग आला होता, तुम्ही विचारायचं थांबावं म्हणून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी मी चहाचं आधण ठेवलं, तेव्हा तुम्ही जागेच होतात. काही विचारलं नाहीत. त्यानंतर एकदाही नाही.