नारिंगी की लाल

सूनबाई,

रात्रपाळीहून आल्या आल्या गरम पाण्याच्या नव्या टबात उतरू नकोस. तुझी पाठ शेकायची होती खरी, पण पाणी नीट झालंय की नाही, ते मला कळेनासं झालंय.

टबाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आधी क्षारता वाढवायची पावडर टाकली. मग तपासायची पट्टी बुडवली. तिच्यावरचा चौकोन लाल आला, म्हणजे तो नारिंगी होईपर्यंत आम्लाची पावडर टाकायची. टाकली. लालच. आणखी टाकली. लालच. पट्टी खिडकीशी नेली तर तपकिरी. परत आत आणली तर कुठल्याच रंगाची नाही.

मग पट्ट्यांच्या डबीवरचा रंगांचा तक्ता पाहिला. त्यावरचे नारिंगी आणि लालही मला एकच दिसतायत. छापतानाच चुकले असतील का? की उन्हाने विटला?

की मीच?

रंगाच्या दुकानात छटा जुळवण्यात जन्म गेला माझा. गेल्या आठवड्यात एकाने डबा परत आणला, म्हणाला, "काका, हा तो रंग नव्हे." त्यालाच मी चार शब्द सुनावले.

तू नवी पट्टी बुडवून तक्त्याशी लावून बघ. पाण्याचं काय ते तू ठरव. मला दुकानात फोन करून एवढंच सांग, की तक्त्यावरचे ते दोन रंग सारखे आहेत की वेगळे. वेगळे असतील तर वेगळे म्हण, माझं मन राखू नकोस. आणि चिरंजीवांना इतक्यात काही बोलू नकोस, तो आधी माझ्या गाडीची किल्ली काढून घेईल.

आज एका अख्ख्या घराचा रंग कालवायचाय. तुझा फोन येईपर्यंत मी एकाही डब्याचं झाकण उघडत नाही.