निकाल लागला, भाऊबीज राहिली

खारवाडी, ता. मालवण
२६ सप्टेंबर २०२५

ती. सुगंधाताईस, धाकट्या गुरुप्रसादचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुझ्याशी बोलताना माझी जीभ लटपटते, म्हणून पत्र. काल कोर्टाचा निकाल लागला. आपण जिंकलो गो! ज्यांच्या नावाचे दुकान मी चालवत होतो त्या ‘घरसुख मार्ट’ कंपनीने माझी अनामत आणि दुकानात बुडालेले सगळे व्याजासह भरून द्यायचे आहे.

करारात दुकान रोज उघडे ठेवायचे ठरले होते आणि मी तीन दिवस बंद ठेवले, एवढेच धरून त्यांनी करार मोडला होता. गावपळणीत देवाच्या आज्ञेने अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहतो, हे ऐकून त्यांचा वकील हसला. पण मी महिनाभर आधी देवस्थानचे पत्र जोडून लेखी कळवले होते. तरी त्यांनी नेमका त्याच दिवसांत दूध-दह्याचा ट्रक पाठवला. ड्रायव्हरने माल बंद शटरसमोर उतरवून पुराव्याला फोटो काढला, आणि तोच त्यांना नडला. फोटोत सगळी बाजारपेठ बंद, रस्त्यावर कुत्रेसुद्धा नाही. कळवलेले असताना माल कुणासाठी पाठवलात, असे न्यायाधीशांनीच वकिलाला विचारले.

पण ताई, सोन्याचा भाव बघितलास? दुकानासाठी तू चार पाटल्या विकल्यास. बँकेचे कर्ज फेडून उरेल त्यात जेमतेम एक येईल. चारही तुझ्या हातात घातल्याशिवाय तुझा उंबरठा ओलांडणार नाही, असे मी दुकान गेले तेव्हाच देवळात बोललोय. तेव्हा यंदाही भाऊबीजेला वाट बघू नको. भावोजींना नमस्कार. माया आहे तशी ठेव.

तुझा गुरू

सावंतवाडी
५ ऑक्टोबर २०२५

चि. गुरुप्रसाद यास अनेक आशीर्वाद.

निकाल वाचून देवापुढे साखर ठेवली, आणि पुढचे वाचून तुझा कान पिळावासा वाटला. मेल्या, पाटल्या कुणाच्या? माझ्या. विकल्या कुणी? मी, राजीखुशीने. मग त्यांच्यावर शपथ घेणारा तू कोण टिकोजीराव? हे म्हणतात, जिंकून तोंड लपवणारा मेव्हणा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

तीन वर्षे भाऊबीजेला पाट मांडते, रांगोळी घालते, आणि संध्याकाळी चंद्राला ओवाळून पाट उचलते. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात रे! माझा भाऊ दीड-दोन तासांवर जिवंत बसलाय. तुझे नुकसान कोर्टाने मोजले, माझे कुणी मोजायचे?

काल तुमच्या गुरवाला फोन करून देवाला गाऱ्हाणे घालून कौल घ्यायला सांगितले. पाटल्या माझ्या, म्हणून शपथही मीच सोडवते आहे. कौल काय मिळाला ते तो तुला सांगेल. तुझ्या बायकोला, संचिताला सांग, तिच्यावर माझा राग नाही, तुझ्यावर आहे.

रागावलेली तरी तुझीच,
ताई

खारवाडी
१४ ऑक्टोबर २०२५

ती. ताईक नमस्कार.

आज मालवणीतच लिवतंय, शुद्ध मराठी सुचणा नाय. गुरव सांगूक इलो, देवान उजवो कौल दिलो, शपथ सुटली. तेच्या आधीच मी निवळलंय. तू चंद्राक ओवाळतस ह्या वाचून माका जेवण गेला नाय. संचितान पत्र दोनदा वाचल्यान आणि माझी पिशवी भरूक घेतल्यान.

भाऊबीजेक सकाळच्या एसटीन येतंय. कंपनीचे पैशे अजून इले नाय, हात रिकामेच असतले. माका फक्त एक कर गो. दारात गप उभो रवलंय तर तू बाहेर ये आणि माका आत घे. माझ्यान एकट्यान तो उंबरो ओलांडवचो नाय.

तुझो,
गुरू